मेलेल्या फटफटीला परदेशात पुन्हा किक कशी मारायची: नाव विकत घेण्यापासून तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत

आमच्या वडिलांकडे येझदी होती. तिची किक आणि गिअर एकाच दांड्याचे, म्हणजे किक मारून झाली की तोच दांडा फिरवून गिअर टाकायचा, आणि हे ज्याला माहीत नाही त्याला ती गाडी चोरून नेता पण येत नाही असं वडील मोठ्या अभिमानानं सांगायचे. २०१८ साली तिच्याच घराण्यातली जावा परत आली तेव्हा मी त्यांना शोरूमला घेऊन गेलो, त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवरून हात फिरवला, डोळे थोडे पाणावले, "छान केलीय" म्हणाले आणि आम्ही घरी आलो. घेतली नाही. टेस्ट राईड पण नाही मागितली.

या अख्ख्या धंद्यातली गोम हीच आहे बघा. जुनं नाव माणसाला शोरूमच्या दारापर्यंत आणतं, टाकीवर हात फिरवायला लावतं, पण चावी मागायला लावत नाही. मी चाकण पट्ट्यात सुटे भाग एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे गाडीच्या रोमँटिक बाजूपेक्षा नट-बोल्ट आणि कंटेनरची बाजू जास्त बघितलीय, आणि सध्या ज्याला त्याला वाटतंय की एखादं बंद पडलेलं इंग्लिश नाव घ्यायचं, इथं गाडी बनवायची, तिकडं नेऊन विकायची, झालं. म्हणून म्हटलं एकदा सगळं क्रमानं लिहूनच काढू. उदाहरण म्हणून बाजार ब्रिटनचा घेतोय, कारण आपल्याकडच्या तीन कंपन्यांनी, म्हणजे आयशरनं रॉयल एनफिल्ड, महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सनं बीएसए आणि टीव्हीएसनं नॉर्टन, इंग्रजांच्याच गाड्या इंग्रजांना परत विकायचा उद्योग केलाय, आणि तिघांचे रस्ते इतके वेगळे आहेत की शिकायला भरपूर आहे.

पायरी १: नाव नक्की कुणाचं आहे ते आधी बघा

पहिलं काम वकिलाचं आहे, डिझायनरचं नाही. जुन्या कंपन्या मेल्या तेव्हा त्यांचे तुकडे झाले आणि एकेक तुकडा एकेकानं नेला. बीएसएचंच घ्या. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ ची कंपनी, मूळ धंदा बंदुकांचा, मग सायकली, मग मोटरसायकली. आज त्या नावाच्या एअरगन स्पेनच्या गामो कंपनीकडे आहेत. आणि आपण शाळेत ज्या बीएसए एसएलआर सायकली चालवल्या त्या चेन्नईच्या टीआय सायकल्सच्या. म्हणजे एकच तीन अक्षरं, तीन वेगळे मालक, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर. तेव्हा नाव घेताना कुठल्या मालासाठी आणि कुठल्या देशात, हे दोन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचे. गाडीसाठी नाव मिळालं पण जॅकेट, टी-शर्ट, हेल्मेटसाठी नाही मिळालं तर पुढं मर्चंडाईजचा गल्ला दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि जुन्या ब्रँडमध्ये तो गल्ला लहान नसतो.

मॉडेलच्या नावाची पण तीच गत. रॉयल एनफिल्डनं इंटरसेप्टर ६५० काढली, नाव त्यांचंच, १९६० च्या दशकातलं, पण अमेरिकेत ते नाव होंडाच्या नावावर रजिस्टर, म्हणून तिथं गाडी 'आयएनटी ६५०' म्हणून विकावी लागली. आजोबांचं नाव आपलं, पण शेजारच्या गावात सातबारा दुसऱ्याचा, असा प्रकार.

आणि येझदी तर आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण. गाडी २०२२ च्या जानेवारीत परत आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कर्नाटक हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी निकाल दिला की हे नाव म्हैसूरच्या बंद पडलेल्या आयडियल जावा कंपनीच्याच मालमत्तेत मोडतं. मामला लगेच अपिलात गेला, पण शोरूम उघडून बसलेल्या डीलरचा त्या दिवशी काय झोपेचा प्रश्न झाला असेल ते विचार करा.

अजून एक गोष्ट, नाव घेताना त्याच्याबरोबरची पापं पण येतात. नॉर्टन २०२० च्या जानेवारीत दिवाळं निघून प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि एप्रिलमध्ये टीव्हीएसनं १.६ कोटी पौंडाला घेतली. आधीच्या मालकाच्या काळात व्ही४ एसएस नावाची महागडी सुपरबाईक विकली गेली होती, नव्या लोकांनी ती खोलून बघितली तर तीसच्या वर दोष, त्यातले कितीतरी थेट सुरक्षेचे, आणि मालकांना सांगावं लागलं की बाबांनो गाडी चालवू नका. कायद्यानं ती चूक कुणाची हा वेगळा विषय, पण टाकीवर नाव नॉर्टनच, त्यामुळे ऐकून घ्यावं लागलं नवीन लोकांनाच. म्हणून खरेदीच्या आधी रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्या, अडकलेले बुकिंगचे पैसे, पूर्ण न केलेल्या ऑर्डरी, सगळ्याची यादी हातात पाहिजे.

पायरी २: नावाची किंमत ही सगळ्यात छोटी किंमत आहे, हे डोक्यात पक्कं करा

बीएसए २०१६ मध्ये साधारण २८ कोटी रुपयांना मिळाली. पुण्यात चांगल्या ठिकाणच्या जमिनीचा एक तुकडा येतो तेवढ्यात. पण त्यानंतर गाडी लोकांसमोर यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, पाच वर्षं, आणि त्या पाच वर्षांचे पगार, टूलिंग, टेस्टिंग कुठल्या बातमीत येत नाही. नॉर्टनचं तर आणखी स्पष्ट आहे: घेतली १.६ कोटी पौंडाला, आणि दोन वर्षांनी टीव्हीएसनं जाहीर केली १० कोटी पौंडांची गुंतवणूक. म्हणजे नावाच्या सहापट पैसा नंतर, आणि तो पण सुरुवातीचा आकडा. तेव्हा तुमच्याकडे एकूण जेवढा पैसा आहे त्याचा पाव भाग जरी नावात जात असेल तर थांबा, ते नाव तुमच्यासाठी महाग आहे.

पायरी ३: गिऱ्हाईक शोधा, आणि ते म्हातारं नाहीये

इथं बहुतेकांची फसगत होते. ज्यांनी ती गाडी तरुणपणी चालवली ते आता सत्तरी-ऐंशीतले, त्यांच्याकडे खरी जुनी गाडी गॅरेजात आहे, गुडघा दुखतोय, आणि नवीन गाडीला ते "ही काय खरी नाही" असंच म्हणणार. ते आमच्या वडिलांसारखे, टाकीवर हात फिरवणारे. त्यांचा आशीर्वाद पाहिजे, ऑर्डर त्यांच्याकडून येणार नाही.

चावी मागणारा कोण ते बघायचं असेल तर लायसन्सचे नियम वाचा. ब्रिटनमध्ये आणि युरोपात ए२ नावाचं लायसन्स असतं, ब्रिटनमध्ये १९ व्या वर्षी मिळतं, आणि त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅटची गाडी चालवता येते, म्हणजे ४७ हॉर्सपॉवर. मोठ्या गाडीचं लायसन्स थेट काढायचं तर वय २४. आता इंटरसेप्टर ६५० ची पॉवर बघा: ४७ हॉर्सपॉवर. बरोबर ४७, ना ४६ ना ४८. हा काय योगायोग नाही हो, ६५० सीसीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनातून जास्त काढता आली असती, पण त्यांनी रेषेवर आणून ठेवली, त्यामुळे १९ वर्षांच्या पोराला ही गाडी बिना रिस्ट्रिक्टर, म्हणजे पॉवर कमी करणारा अडसर न लावता, चालते आणि ५५ वर्षांच्या माणसाला पण ती बारकी वाटत नाही. बीएसए गोल्ड स्टार ६५२ सीसीची, ४५ हॉर्सपॉवर, ती पण त्याच कुंपणाच्या आत.

त्या नियमात एक दुसरं कलम आहे, दर किलोला ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नको. गणित केलं तर ३५ किलोवॅटला गाडी निदान १७५ किलोची पाहिजे. स्पोर्टबाईकवाल्यांना हे कलम टोचतं, आपल्याला मात्र फायद्याचं, कारण जुन्या घाटाची लोखंडी गाडी तशीही दोनशेच्या आसपास जाते. वजन हा रेट्रो गाडीचा दोष म्हणतात, इथं तो नियमात बसायला उपयोगी पडतो.

आणि बाजाराचा आकार विसरू नका. ब्रिटनमध्ये स्कूटर-मोपेड धरून वर्षाला लाखाच्या आसपास नव्या दुचाक्या रजिस्टर होतात, बास. आपल्याकडची एकटी रॉयल एनफिल्ड २०२४-२५ या आर्थिक वर्षात, निर्यात धरून, १० लाखांच्या वर गेली. म्हणजे ब्रिटनमध्ये आकड्यांसाठी जायचंच नाही, तिथं जायचं ते इज्जतीसाठी आणि तिथून पुढं युरोप, अमेरिका, थायलंड, ब्राझीलला दाखवायला. हे मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी तो विचारतो की एवढ्यासाठी एवढं का.

पायरी ४: इंजिन, आणि जुनं किती ठेवायचं

जुन्या गाडीतलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, यावर मी लोकांना तासन्‌तास भांडताना बघितलंय. माझा साधा नियम: जे दिसतं आणि ऐकू येतं ते ठेवा, जे हाताला-पायाला त्रास देतं ते फेका. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला, आपल्याकडं त्यावर वाढलेली माणसं अजून शपथ घेतात, पण परदेशातल्या रायडरनं घाबरून ब्रेकच्या जागी गिअर दाबला की संपलं. अमेरिकेनं १९७० च्या दशकातच डाव्या पायाचा गिअर सक्तीचा केला होता. ऑईल गळणं पण परंपरेत मोडत नाही, कुणी काही म्हणो.

इंजिन कुठून आणायचं याचे तीन रस्ते दिसतात.

पहिला, दुसऱ्याचं तयार इंजिन बसवायचं. अमेरिकेत इंडियन मोटरसायकल १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयला अशीच सुरू झाली, सुरुवातीला इंजिनं बाहेरून आणली, जाणकारांनी लगेच ओळखलं की हे आतून दुसरंच काहीतरी आहे, आणि २००३ ला कारखाना बंद. मग नॉर्थ कॅरोलिनात दुसरा प्रयत्न झाला, तो पण टिकला नाही. २०११ मध्ये पोलारिस या अमेरिकन कंपनीनं घेतली आणि त्यांनी काय केलं, तर आधी इंजिन स्वतः बनवलं आणि २०१३ च्या मार्चमध्ये डेटोनाला नुसतं इंजिन लोकांना दाखवलं. गाडी नाही, नुसतं इंजिन! गाडी पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, स्टर्जिसच्या मोटरसायकलवाल्यांच्या जत्रेत. कारण आधीच्या दोन पुनर्जन्मांमुळे लोकांचा पहिला प्रश्नच तो होता, की आत काय आहे.

दुसरा, चांगल्या घराण्याचं इंजिन घेऊन त्यावर मेहनत करायची. बीएसएनं रोटॅक्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या सिंगल सिलिंडर इंजिनाचा पाया घेतला, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठाची मदत घेतली, लिक्विड कूलिंग ठेवलं, पण बाहेरून फिन्स, म्हणजे हवेनं इंजिन थंड करणाऱ्या पट्ट्या, अशा दिल्या की लांबून एअर कूल्ड वाटावी. थोडी लबाडी आहे, पण गोड लबाडी, आणि १९३८ ची गोल्ड स्टार पण मोठ्या सिंगल सिलिंडरचीच होती त्यामुळे आत्मा तरी तोच राहिला.

तिसरा, सगळं स्वतः. रॉयल एनफिल्डनं ६४८ सीसीचं ट्विन नवीन बनवलं, २७० अंशाचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दिला, म्हणजे दोन्ही पिस्टन एका लयीत न जाता थोडे पुढंमागं चालतात आणि आवाज जरा खडबडीत, भरीव येतो. १९६० च्या मूळ इंटरसेप्टरचा क्रँक असा नव्हता. इथं त्यांनी इतिहासापेक्षा कान महत्त्वाचा मानला आणि बरोबर केलं असं मला वाटतं.

आणि चौथा रस्ता म्हणजे घाईच न करणं. जॉन ब्लूर या बिल्डरनं १९८३ मध्ये ट्रायम्फ घेतली, जपानी कारखाने कसे चालतात ते अभ्यासलं, हिंकलीला नवीन कारखाना काढला, आणि १९९० मध्ये गाड्या दाखवल्या त्या चक्क आधुनिक तीन आणि चार सिलिंडरच्या. बॉनेव्हिल, ज्या नावासाठी जग वाट बघत होतं, ती २००१ मध्ये. म्हणजे कंपनी घेतल्यापासून जवळजवळ १८ वर्षं सगळ्यात किमती नाव कपाटात ठेवलं, आधी लोकांना पटवलं की ट्रायम्फ बंद पडत नाही, मग आठवणी विकल्या. एवढा संयम आपल्यात कुणाकडं आहे मला माहीत नाही, पण क्रम हाच बरोबर.

पायरी ५: तिथली माणसं घ्या

थोडक्यात सांगतो. ब्रिटिश रस्त्यावर, ब्रिटिश पावसात, ब्रिटिश माणसाच्या ढुंगणाखाली टेस्ट न झालेली गाडी तिथं पाठवू नका. रॉयल एनफिल्डनं २०१५ मध्ये हॅरिस परफॉर्मन्स ही चासी बनवणारी इंग्लिश कंपनीच विकत घेतली आणि लेस्टरशायरला ब्रंटिंगथॉर्प इथं टेक्नॉलॉजी सेंटर उभं केलं. अमेरिकेत ऑफिस कुठं थाटलं, तर मिलवॉकीत, हार्लेच्या गावात, आणि प्रमुख म्हणून नेमला तो पण हार्लेतून आलेला माणूस. टीव्हीएसनं नॉर्टनसाठी सोलिहलला, बर्मिंगहॅमच्या कुशीत, नवा कारखाना काढला. घर त्यांच्या गल्लीत पाहिजे म्हणजे भांडण पण घरचं राहतं.

पायरी ६: कागद

होमोलोगेशन, म्हणजे गाडी त्या देशात विकायची सरकारी मंजुरी, हा शब्द ऐकला की इंजिनिअरांच्या कपाळाला आठ्या पडतात. युरोपात १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला एबीएस सक्तीचं, धुराचे युरो ५ नियम २०२० पासून नव्या मॉडेलना, २०२५ पासून युरो ५ प्लस सगळ्या नव्या गाड्यांना. आवाजाचे नियम वेगळे, आणि रेट्रो गाडीत आवाज हाच तर माल असतो, त्यामुळे एक्झॉस्टवाल्या माणसाला पहिल्या दिवसापासून टीममध्ये बसवा, शेवटी नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचं अप्रूव्हल वेगळं, युरोपचं वेगळं, आणि अमेरिकेचं तर सगळंच वेगळं, त्यात कॅलिफोर्निया आणखी वेगळं. एकाच वेळी सगळीकडे जायचा मोह टाळा.

पायरी ७: किंमत उलटी काढायची

कारखान्याचा खर्च अधिक नफा म्हणजे किंमत, असं करू नका. तिथल्या शोरूमच्या काचेवर कुठला आकडा चालेल तिथून मागं या. गोल्ड स्टार ब्रिटनमध्ये ६,५०० पौंडांना आली, तोच आकडा घेऊन बसू. यात २० टक्के व्हॅट आहे, तो काढला की राहतात ५,४१६. डीलरचं मार्जिन समजा १२ टक्के, राहतात साधारण ४,७६६. आता जहाज, विमा, ड्युटी, गोडाऊन, वॉरंटीसाठी बाजूला काढलेले पैसे, जाहिरात, प्रदर्शनं, हे सगळं समजा दर गाडीमागं ९०० पौंड. हातात आले ३,८६६. पौंड शंभर रुपये धरला तर पावणेचार लाखांच्या थोडं वर. यात गाडी बनली पाहिजे, नवीन इंजिनाचा खर्च वसूल झाला पाहिजे, आणि वर काहीतरी उरलं पाहिजे. १२ टक्के आणि ९०० हे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका, पण गणित याच दिशेनं करा. मध्य प्रदेशातलं पिथमपूर, चेन्नई किंवा चाकणला बनवायचं कारण या एका परिच्छेदात आलं.

काचेवरचा आकडा शेजाऱ्यांकडं बघून ठरतो. एका बाजूला खरीखुरी बॉनेव्हिल, ती बरीच वर. दुसऱ्या बाजूला जपानी. आणि खालून आता नवीन दणका, ट्रायम्फनं स्वतःच बजाजबरोबर हात मिळवून चाकणला स्पीड ४०० बनवली, २०२३ मध्ये, आणि ती ब्रिटनमध्ये ४,९९५ पौंडांना नेऊन ठेवली. म्हणजे चाकणची गाडी हिंकलीच्या नावानं, हिंकलीच्याच गल्लीत! आता बिनइंजिनिअरिंगचं नुसतं जुनं नाव ६,५०० ला कोण घेणार. रॉयल एनफिल्डनं हे आधी ओळखलं होतं, अमेरिकेत आयएनटी ६५० आणली ५,७९९ डॉलरला, सोबत ३ वर्षांची वॉरंटी. त्या किमतीत लोक म्हणाले, नाव-बिव राहू दे, गाडी म्हणूनच घेऊ. चावी मागणारा माणूस असा तयार होतो.

पायरी ८: मीठ

ही पायरी मी मुद्दाम वेगळी काढलीय कारण आपल्याकडच्या लोकांना ही कळतच नाही. आपला शत्रू पाऊस, धूळ, खड्डा आणि उन्हाळा. ब्रिटनचा शत्रू मीठ. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथं मीठ पसरतात, ते पाण्यात विरघळून गाडीच्या प्रत्येक सांध्यात जातं, आणि महिनोन्‌महिने बसून खातं. कोकणात समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्याला थोडी कल्पना येईल, पण इथं खारा वारा लागतो, तिथं चाक खारं पाणी थेट ब्रेकवर फेकतं.

२०२० च्या डिसेंबरात रॉयल एनफिल्डला ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरिया मिळून साधारण १५,२०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, इंटरसेप्टर, कॉन्टिनेंटल जीटी आणि हिमालयन. कारण हेच, रस्त्यावरच्या मिठामुळं ब्रेक कॅलिपरच्या आत गंज चढत होता, आवाज यायचा, ब्रेक ओढून धरायचा. ६५० ला बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दोन हिवाळे झाले होते. कंपनीनं स्वतःहून जाहीर केलं आणि कामाला लागली, त्यामुळं नाव वाचलं. पण बघा, एवढी मोठी टेस्टिंग करून, तिथं सेंटर उघडून सुद्धा मिठानं गाठलंच.

आमच्या कंपनीत एकदा एका परदेशी गिऱ्हाईकाकडून ब्रॅकेटची अख्खी लॉट परत आली होती. मापं बरोबर, वेल्डिंग बरोबर, पण सॉल्ट स्प्रे टेस्टमध्ये आमचं प्लेटिंग त्यांना जेवढे तास टिकायला पाहिजे होतं त्याच्या एक तृतीयांश वेळेतच पांढरं पडलं. आमचे प्लांटवाले म्हणत होते की इथं तर कुणी तक्रार करत नाही. बरोबर आहे, इथं कुणी करणारच नाही.

म्हणून करायचं काय: दिसणारा प्रत्येक बोल्ट स्टेनलेस किंवा जाड प्लेटिंगचा, ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट जिथं लागतो तिथं दोघांच्या मध्ये काहीतरी अडथळा, वायरिंगचे कनेक्टर सील केलेले, सायलेन्सरच्या खालच्या बाजूचं क्रोम तपासलेलं, कॅलिपरच्या सीलची जागा वेगळी तपासलेली, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दहा-पंधरा गाड्या तिथल्या रोज कामाला जाणाऱ्या माणसांना देऊन दोन पूर्ण हिवाळे बाहेर उभ्या करून ठेवायच्या. दोन म्हणजे दोन. लॅबमधला मिठाचा फवारा चांगला आहे पण तो लीड्सचा फेब्रुवारी नाही.

पायरी ९: पार्ट आधी, गाडी नंतर

पहिला कंटेनर गाड्यांचा नको, पार्टचा पाहिजे. क्लच केबल, लिव्हर, आरसे, इंडिकेटर, फिल्टर, ब्रेक पॅड, गाडी नुसती उभी असताना पडली तरी जे तुटतं ते सगळं. जुन्या नावाबद्दल तिथं प्रत्येकाच्या मनात एक भीती आधीच असते, की गाडी घेतली आणि कंपनी परत बुडाली तर? ही भीती जाहिरातीनं जात नाही, मंगळवारी मागवलेला लिव्हर गुरुवारी आला की जाते.

डीलर निवडताना मोठा चकाचक बघू नका. तिथले बरेच डीलर चार-पाच ब्रँड ठेवतात आणि तुमची गाडी कोपऱ्यात उभी राहणार हे धरून चाला. असा शोधा ज्याच्याकडं मागं वर्कशॉप आहे आणि ज्याचा मेकॅनिक मालकाइतकाच जुना आहे. डेमो गाडी तुमच्या खर्चानं द्या, कायम पेट्रोल भरलेली, कारण टाकीवर हात फिरवणाऱ्याला चावी मागायला लावायचं हेच एक ठिकाण आहे.

पायरी १०: कॅलेंडर

ब्रिटनमध्ये नंबरप्लेटवरचा वर्षाचा आकडा मार्चच्या आणि सप्टेंबरच्या १ तारखेला बदलतो, आणि नवीन आकड्याची हौस तिथं पण आहे, म्हणून मार्च हा तिकडचा पाडवा समजा. गाड्या फेब्रुवारीत डीलरकडं पाहिजेत. जहाज आपल्याकडून सुएझमार्गे महिनाभर घेतं, २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात गडबड सुरू झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालून दहा-पंधरा दिवस आणखी. म्हणजे दिवाळीनंतर लगेच कारखान्यातून माल निघाला पाहिजे. गाडी दाखवायची ती नोव्हेंबरात मिलानला किंवा त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात. बीएसएनं गोल्ड स्टार बर्मिंगहॅमलाच दाखवली, जुना कारखाना ज्या स्मॉल हीथमध्ये होता तिथून काही मैलांवर. घरी परत येणं याला म्हणतात.

पण दाखवलं आणि दिलं नाही तर घात होतो. जावाचं आपल्याकडं काय झालं ते आठवा, २०१८ च्या नोव्हेंबरात धडाक्यात लाँच, बुकिंग तुडुंब, आणि मग लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसले, कित्येकांनी कंटाळून दुसरी गाडी घेतली. तेवढ्याच गाड्या बुकिंगला ठेवा जेवढ्या देऊ शकता, बाकीच्यांना थांबा म्हणा.

जुन्या मालकांच्या क्लबांना लाँचच्या आधी बोलवा, चहा पाजा, शिव्या खाऊन घ्या. ते गाडी घेणार नाहीत हे वर सांगितलंच, पण तरुण गिऱ्हाईक घ्यायच्या आधी आपल्या काकाला विचारतं, आणि काका त्या क्लबात असतो.

पायरी ११: तिसरा हिवाळा

लाँचचे फोटो, रिव्ह्यू, सगळं ओसरल्यावर खरी परीक्षा. तिथं बऱ्याच गाड्या पीसीपी नावाच्या फायनान्सवर जातात: थोडं डिपॉझिट, तीन वर्षं हप्ते, आणि शेवटी गाडीची जी किंमत उरेल ती फायनान्स कंपनीनं आधीच ठरवलेली. ती उरलेली किंमत जितकी जास्त, तितका महिन्याचा हप्ता कमी. आता ही किंमत कशावर ठरते, तर सेकंडहँड बाजारात गाडी कशी दिसते यावर. आणि ती कशी दिसते हे ठरतं मिठावर आणि पार्टवर. म्हणजे पहिल्या वर्षी बोल्टमध्ये वाचवलेले चार पेन्स चौथ्या वर्षी नव्या गिऱ्हाईकाच्या हप्त्यात येऊन बसतात. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं.

आणि तिथं लपवायला जागा नाही. गाडी तीन वर्षांची झाली की एमओटी नावाची सरकारी तपासणी सक्तीची, आणि तिचा निकाल सरकार इंटरनेटवर टाकतं. कुणीही नंबरप्लेट टाकायची आणि बघायचं, पास की नापास, कशात नापास, किती मैल चालली, इन्स्पेक्टरनं कशाबद्दल सावध केलं. नावं-पत्ते काढून टाकलेला सगळ्या देशाचा डेटा पण मिळतो, फुकट. तेव्हा लाँचनंतर तीन वर्षांनी, मार्च उलटला की, एक माणूस फक्त याच कामाला बसवा: आपल्या मॉडेलच्या गाड्या कशात नापास होतायत ते काढायचं, पहिले पाच दोष एका कागदावर लिहायचे आणि तो कागद चाकणला, पिथमपूरला, जिथं असेल तिथं, लाईनवरच्या सुपरवायझरच्या टेबलावर चिकटवायचा. मार्केटिंगवाल्यांच्या नको, सुपरवायझरच्या. आणि पुढच्या मार्चला परत पाच.